बुद्धी मोजली, पुढे काय?

दर वर्षा-दोन वर्षांनी एक बातमी हमखास वाचायला मिळते. इंग्लंडमधल्या भारतीय वंशाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने मेन्साच्या, म्हणजे उच्च बुद्ध्यांकाच्या लोकांच्या संस्थेच्या, चाचणीत १६२ गुण मिळवलेले असतात आणि मथळा ठरलेला असतो: ‘आइन्स्टाईन आणि हॉकिंग यांच्यापेक्षाही जास्त बुद्ध्यांक’. त्या लेकराचं कौतुक व्हायलाच हवं, त्याने चाचणी उत्तम दिलेली असते. मथळा मात्र चुकीचा असतो. आइन्स्टाईन यांनी असली चाचणी दिल्याची कुठेही नोंद नाही. त्यांच्या नावावर खपवला जाणारा १६० हा आकडा नंतरच्या लोकांनी अंदाजाने चिकटवलेला आहे. स्टीफन हॉकिंग यांना २००४ साली एका मुलाखतीत त्यांचा बुद्ध्यांक विचारला, तेव्हा ‘मला कल्पना नाही’ असं ते म्हणाले आणि बुद्ध्यांकाची फुशारकी मारणाऱ्यांना त्यांनी सरळ हरलेले लोक म्हटलं. राहिला १६२ हा आकडा. ब्रिटिश मेन्सा वापरत आलेल्या कॅटेल तीन-बी चाचणीत अठरा वर्षांखालच्या मुलांना मिळू शकणारा तो सर्वांत वरचा गुण आहे. प्रौढांसाठी तो १६१ आहे. तिथे फूटपट्टी संपते. त्यापुढे कोण किती उंच, हे ती सांगूच शकत नाही.

ही बातमी आपल्याकडे आवडीने वाचली जाते आणि तिचा परिणामही दिसतो. पुण्या-मुंबईत, ठाण्यात, नाशकात आपल्या मुलाची ‘मेन्सा करून घ्यावी का’ असं विचारणारे पालक आता नवे राहिलेले नाहीत. प्रश्न प्रामाणिक असतो. म्हणून त्याचं उत्तरही नीट, खोलात जाऊन द्यायला हवं.

मेन्साची अट मुळात एखाद्या ठरावीक बुद्ध्यांकाची नाही. मान्यताप्राप्त चाचणीत तुम्ही लोकसंख्येच्या वरच्या दोन टक्क्यांत यायला हवं, एवढीच अट आहे. हा टप्पा कॅटेलच्या मापात १४८ वर येतो, स्टॅनफर्ड-बिनेच्या जुन्या मापात १३२ वर आणि वेक्स्लरच्या मापात १३० वर. सरासरी सगळ्यांनी १०० धरली, पण गुण सरासरीपासून किती दूर पसरतात याचं माप कुणी २४ धरलं, कुणी १६, कुणी १५. त्यामुळे एकाच मुलीच्या त्याच कुवतीला तीन वेगळे आकडे मिळतात. चाचणीचं नाव न सांगता ‘आमच्या मुलीचा बुद्ध्यांक १४८’ असं म्हटलं, तर ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. शिवाय मापनात चूक असतेच. चांगला मानसशास्त्रज्ञ अहवालात एक आकडा देऊन थांबत नाही. खरा गुण पाचेक गुणांनी खाली-वर असू शकतो, असं तो लिहून देतो. म्हणजे १२९ मिळालेलं मूल दाराबाहेर आणि १३१ मिळालेलं आत, एवढाच फरक असेल तर त्या दोन मुलांच्या बुद्धीत काही फरक आहे असं कुणीही शपथेवर सांगू शकणार नाही.

वरच्या पायरीवरच्या संस्थांचं तर काही बोलायलाच नको. हजारात एकाला घेणारी ट्रिपल नाइन सोसायटी आहे, दहा लाखांत एकाला घेऊ पाहणारी मेगा सोसायटी आहे. पण प्रौढांसाठीच्या वेक्स्लर चाचणीची चौथी आवृत्ती प्रमाणित केली गेली ती २,२०० माणसांवर. एवढ्या नमुन्यावरून दहा लाखांतला एक ओळखण्याचा दावा शास्त्राला धरून नाही.

असं असूनही मेन्साच्या मूळ कल्पनेबद्दल मला आदर आहे, आणि तो का हेही सांगायला हवं. १९४६ साली इंग्लंडमध्ये रोलंड बेरिल हे बॅरिस्टर आणि लान्सलॉट वेअर हे वैज्ञानिक व कायदेतज्ज्ञ यांनी ही संस्था काढली. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. वंश, धर्म, घराणं, पदवी, पैसा यांतलं काहीही न विचारता माणसाला आत घ्यायचं, हा विचार त्या काळी साधा नव्हता. आपल्याकडे आडनाव ऐकून माणसाची किंमत ठरवायची खोड अजून गेलेली नाही. अशा समाजात तर हा विचार आजही मोलाचा आहे.

मेन्साला आंतरराष्ट्रीय रूप ज्यांनी दिलं ते व्हिक्टर सेरेब्रियाकॉफ हे या विचाराचं जितंजागतं उदाहरण. लंडनच्या गरीब वस्तीत ते वाढले, शाळा लवकर सुटली, लाकडाच्या धंद्यात कामाला लागले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात घेतलेल्या चाचणीत त्यांचे गुण पाहून अधिकारी चकित झाले. त्या चाचणीआधी त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. कुणाच्या नजरेत न आलेल्या माणसाला शोधून काढणं, हे बुद्धिमापनाचं सर्वांत चांगलं काम. ते कसं होतं हे त्यांच्या आयुष्यात दिसतं. मात्र बरेचसे सभासद साध्या घरांतून आले याबद्दल बेरिल नाराज होते, अशी नोंद आहे. आणि वेअर म्हातारपणी खंत करत की इतके सभासद कोडी सोडवण्यात इतका वेळ घालवतात. संस्थेच्या उद्दिष्टांत पहिलं आहे ते मानवी बुद्धी ओळखून मानवजातीच्या भल्यासाठी जोपासण्याचं. सभासदांना चांगला सहवास मिळावा हे तिसरं. बहुतेक ठिकाणी तिसरंच पुरं होतं आणि पहिलं कागदावर राहतं.

आता थोडा हिशेब करू. वरचे दोन टक्के म्हणजे पन्नासात एक. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. तिचे दोन टक्के म्हणजे साडेबावीस लाख माणसं. मेन्साचे जगभरातले सगळे सभासद मिळून सुमारे दीड लाख आहेत. म्हणजे एकट्या महाराष्ट्रात पात्र ठरू शकतील अशी माणसं मेन्साच्या जागतिक सभासदसंख्येच्या पंधरा पट आहेत. ती कुठे आहेत? ती धडगावच्या आश्रमशाळेत आहेत, बीडच्या ऊसतोड कामगारांच्या पालांत आहेत, भिवंडीच्या यंत्रमागावर आहेत. त्यांना मेन्सा हे नाव ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्याने त्यांचं काही बिघडलेलं नाही. बिघडलंय ते वेगळंच: आपल्यात काही विशेष आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, आणि त्यांच्या शिक्षकांना ते ओळखायचं कसं हे कुणी शिकवलेलं नाही. प्रवेशाची चाचणी जात-धर्म विचारत नाही हे खरं, पण तिच्यापर्यंत पोचायला लागणारी माहिती, पैसा आणि इंग्रजी मात्र ठरावीक घरांतच असते.

त्याच घरांत तयारीही चालते. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात ‘बुद्धिमत्ता चाचणी’ या विषयाच्या मार्गदर्शकांच्या थप्प्या लागलेल्या असतात. आपल्या शालेय शिष्यवृत्ती परीक्षेत हा विषयच आहे, त्यामुळे मराठी घरातल्या मुलाला ‘गटात न बसणारे पद ओळखा’ हे शब्द पाढ्यांइतके ओळखीचे. सराव करणं गैर नाही. पण बुद्धिमापन चाचणीचा अर्थ एका गृहीतावर उभा आहे: प्रश्न मुलासमोर पहिल्यांदा येतो आहे. रेव्हनच्या आकृतिबंध चाचणीचा नमुना पाहा. तीन ओळी आणि तीन स्तंभ, नऊ चौकटी, शेवटची रिकामी. डावीकडून उजवीकडे जाताना रेघा वाढतात, वरून खाली येताना ठिपका घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो; दोन्ही नियम एकदम डोक्यात धरून खालच्या पर्यायांतून नववी चौकट निवडायची. ज्या मुलाने अशा दोनशे चौकटी घरी सोडवल्या आहेत, त्याच्याकडून मोजला जातो तो सराव. १९३८ साली जॉन रेव्हन यांनी ही चाचणी केली ती शब्द आणि शालेय ज्ञान बाजूला ठेवून विचार करण्याची ताकद पाहता यावी म्हणून. क्लास लावून आपण ती नेमकी शालेय ज्ञानाची करून टाकतो.

आणि ‘गटात न बसणारे’ हा प्रश्न दिसतो तितका निरागस नाही. १९३१ साली अलेक्सांद्र लुरिया हे रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्यांपुढे त्यांनी चार चित्रं ठेवली: हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. वेगळं काय? शाळेत गेलेला कुणीही ओंडका म्हणेल. बाकी तीन अवजारं. ते शेतकरी म्हणाले, चारही एकत्रच हवेत. करवत कापणार, कुऱ्हाड फोडणार, पण लाकूडच नसेल तर अवजारं काय कामाची? एका माणसाने हातोडी, करवत आणि कुऱ्हाड हीच एका गटातली असं सांगितलं, असं म्हटल्यावरही ते मत बदलेनात. चाचणीच्या गुणपत्रिकेत हे उत्तर शून्य गुणांचं. पण त्यात विचार नाही असं कोण म्हणेल? सुताराच्या पोराला, शेतमजुराच्या पोरीला आपण हेच प्रश्न विचारतो, तेव्हा तपासनीसाच्या हातात एकच बरोबर उत्तर असतं.

बुद्धिमापनाची सुरुवात ज्यांनी केली त्या आल्फ्रेड बिने यांना ही जाणीव होती. पॅरिसमध्ये सक्तीच्या शिक्षणानंतर वर्गात मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळी मदत कशी द्यावी, असा प्रश्न फ्रेंच सरकारने १९०४ साली एका समितीपुढे ठेवला. त्यातून १९०५ साली बिने आणि सिमॉन यांची तीस प्रश्नांची चाचणी आली. ती मदतीसाठी होती. मुलाची बुद्धी जन्मतः ठरलेली, वाढायची नाही, असं म्हणणाऱ्यांचा विचार बिने यांनी क्रूर निराशावाद म्हणून धिक्कारला, आणि लक्ष, स्मरण, शिस्त वाढवणारे मनाचे व्यायाम शाळेत घेतले पाहिजेत असा आग्रह धरला. ते १९११ साली गेले. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्यांच्या साधनाचं अमेरिकेत जे झालं ते वाचून अंगावर काटा येतो. सैन्यातल्या लाखो जवानांच्या चाचण्यांवरून प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ साली दक्षिण आणि पूर्व युरोपातले स्थलांतरित कमी बुद्धीचे ठरवले. १९३० साली त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले, पण तोवर देशाचा कडक स्थलांतर कायदा होऊन गेला होता. १९२७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. इंग्लंडात मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांच्या विचारांच्या प्रभावाखाली अकराव्या वर्षीच्या परीक्षेवरून मुलांची शाळा, आणि पर्यायाने आयुष्य ठरू लागलं. हेच बर्ट मेन्साचे मानद अध्यक्ष होते. त्यांच्या जुळ्यांवरच्या संशोधनातली आकडेवारी त्यांच्या मृत्यूनंतर विश्वासार्ह राहिली नाही.

उच्च बुद्ध्यांकाच्या बाजूचाही एक धडा आहे. १९२१ साली मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांनी कॅलिफोर्नियातली दीड हजार ‘प्रज्ञावान’ मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घ्यायला सुरुवात केली. त्यातली पुष्कळ मुलं यशस्वी झाली. पण चाचणी देऊन निवडीत न बसलेल्या दोन मुलांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं: विल्यम शॉकली यांना १९५६ साली, लुइस अल्वारेझ यांना १९६८ साली. निवडलेल्यांपैकी कुणालाही ते मिळालं नाही.

म्हणून चाचण्या फेकून द्याव्यात का? मुळीच नाही. शालेय यशाचा अंदाज देणाऱ्या साधनांत बुद्धिमापन चाचणी आजही चांगल्यांपैकी एक आहे, आणि नीट वापरली तर ती मुलाला न्याय मिळवून देते. लिहिताना सतत चुका करणारं मूल ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर ढकललं जातं. चाचणीत कळतं की त्याची तर्कशक्ती उत्तम आहे आणि अडचण फक्त लेखन-वाचनाची आहे. मग त्याला परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांतून नक्षी जुळवताना मूल घाईने चुकतं की शांतपणे एकेक ठोकळा फिरवून पाहतं, चुकल्यावर हसतं की हात आखडतो, हे चांगला परीक्षक टिपून ठेवतो. दहा पानी अहवालातली ही निरीक्षणंच कामाची असतात. पालक मात्र शेवटच्या पानावरचा आकडा पाहून अहवाल फाइलला लावतात.

या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा अभिमान वाटावी अशी आहे. तेव्हाच्या मुंबई प्रांतात, धारवाडला, डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांवर काम करून बिने चाचणीचं भारतीय रूप तयार केलं. नागपूरला डॉ. मॅलिन यांनी १९६९ साली वेक्स्लरच्या मुलांसाठीच्या चाचणीचं भारतीय रूप दिलं. पुण्यात डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, आणि तिच्या प्रज्ञा मानस संशोधिकेत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर मराठीत चाचण्या तयार झाल्या. अप्पांची भूमिका स्वच्छ होती: बुद्धिमान मूल निवडायचं ते त्याच्यावर समाजाचं काम सोपवण्यासाठी. निवड हा शेवट नव्हता, तिथून पुढची अनेक वर्षं काम असे.

पुढचं पाऊल पुण्यातल्या मेन्सा इंडियाच्या कार्यकर्त्यांनी टाकलं. ट्रायबल मेन्सा या नावाने त्यांनी आश्रमशाळांत जाऊन आदिवासी मुलांच्या चाचण्या घेतल्या, निवडलेल्या मुलांसाठी उपक्रम चालवले, शिक्षकांना सोबत घेतलं. दिल्लीच्या शाखेने गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी ध्रुव हा उपक्रम केला. मेन्साच्या घटनेतलं पहिलं उद्दिष्ट जिथे खरोखर आचरलं गेलं अशा या जागा आहेत. मला वाटतं, भारतातल्या मेन्साची ओळखच ही व्हायला हवी होती. ती झाली १६२ गुणांच्या मथळ्यांनी.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच: मूल मोजणाऱ्याने पुढची जबाबदारी घेतली पाहिजे. आपल्या सरकारी योजनांत हे तत्त्व होतं. जवाहर नवोदय विद्यालयांच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे असतात, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात, आणि निवड झालेल्या मुलाचं राहणं, जेवण, शिक्षण सगळं सरकार करतं. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीसाठी आठवीत मानसिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन चाचण्या होतात. पात्र मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, म्हणजे आठवीनंतर शाळा सोडून मजुरीला जाण्याची वेळ टळावी. १९६३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रज्ञाशोध योजनेने तर कितीतरी वैज्ञानिक, डॉक्टर घडवले. त्या योजनेला ३१ मार्च २०२१ पर्यंतच मंजुरी होती. त्यानंतर ती स्थगित झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष प्रतिभेच्या विद्यार्थ्यांवर परिच्छेद आहेत, आणि त्यानंतर वर्षभराच्या आत देशपातळीवरच्या या जुन्या प्रज्ञाशोध परीक्षेची मंजुरी संपते. यावर मराठी वर्तमानपत्रांत जेवढं लिहून यायला हवं होतं तेवढं आलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. खासगी दाखल्यांचा बाजार वाढतो तो अशा रिकाम्या जागेत.

दुसरं दुखणं मानकांचं आहे, म्हणजे ज्यांच्याशी मुलाची तुलना होते त्या आकड्यांचं. जेम्स फ्लिन या संशोधकांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की अनेक देशांत जुन्याच मानकांवर मोजलेला सरासरी बुद्ध्यांक दर दहा वर्षांना सुमारे तीन गुणांनी वाढत गेला. म्हणूनच चाचण्यांची मानकं वेळोवेळी नव्याने काढावी लागतात. आपल्याकडे कामत आणि मॅलिन यांच्या चाचण्या आजही वापरल्या जातात, आणि त्यांवरून मुलांचे दाखले ठरतात. मुलाची तुलना होते ती त्याच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीशी. नव्या वेक्स्लर आवृत्त्या खासगी दवाखान्यांत मिळतात, पण त्या महाग आहेत आणि मुख्यतः इंग्रजीत घेतल्या जातात. मराठीत, तेही अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोंडी, भिली बोलणारी मुलं नमुन्यात धरून, नवी मानकं काढणं हे एखाद्या विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाने सरकारी पैशातून करण्याजोगं काम आहे. ते पाच-सात वर्षांत होऊ शकतं. ते झालं तर शेकडो क्लासेस जे करू शकत नाहीत ते होईल: तालुक्याच्या ठिकाणी, मराठीत, परवडेल अशा खर्चात मुलाची नीट तपासणी.

मूल घेऊन मेन्साच्या चाचणीला जावं की नाही, असं विचारणाऱ्या आई-बाबांना माझं सांगणं आहे: मूल वर्गात सतत कंटाळत असेल, त्याच्या प्रश्नांना शाळेत कुणी दाद देत नसेल, बरोबरीच्या मुलांत एकटं पडत असेल, तर जरूर जा. त्याला आपल्यासारखी चार मुलं भेटतील, आणि एकट्या मुलासाठी ते फार मोठं असतं. सराव करून घेऊ नका, निकालाआधी नातेवाइकांना सांगू नका, निकाल काहीही लागला तरी परीक्षकाशी बसून सविस्तर बोला. शेजारच्या मुलाने केली म्हणून जायचं असेल, तर नका जाऊ. नापास झाल्याचं ओझं लहानसं पोर कसं वाहील याचा आधी विचार करा.

आणि जे सभासद झाले आहेत, त्यांच्याकडून माझी अपेक्षा मोठी आहे. शहरातल्या हॉटेलात महिन्याला एकदा जमून कोडी सोडवणारे दहा जण वर्षातून दोनदा जव्हारला, भामरागडला, अक्कलकुव्याला गेले, तिथल्या शिक्षकांबरोबर बसून पन्नासातलं ते एक मूल शोधू लागले आणि पुढे चार वर्षं त्याच्या पुस्तकांची, वसतिगृहाची, इंग्रजीच्या शिकवणीची जबाबदारी त्यांनी वाटून घेतली, तर त्यांना कुणाची परवानगी लागणार नाही. ट्रायबल मेन्साने ती वाट आधीच पाडून ठेवली आहे.